जानेवारी १८५६, गॅब्रिएल बेट

मॉरिशसच्या उत्तर टोकाला उभं राहिलं की समुद्रात आधी कोआं द मिरचा पाचरीसारखा कातळ दिसतो. त्याच्या मागे, किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, दोन बेटं एकमेकांना चिकटल्यासारखी उभी आहेत. मोठं ते इल प्लात, धाकटं ते इलो गाब्रिएल, म्हणजे गॅब्रिएल बेट. धाकट्याचा पसारा जेमतेम बेचाळीस हेक्टरचा. दोघांच्या मधल्या उथळ पाण्याचा रंग असा, की फोटोत तो खोटा वाटतो. ग्रां बे बंदरातून सकाळी कॅटामरान सुटतात, दीड-दोन तासांत या पाण्यात नांगर टाकतात, आणि दुपारपर्यंत गॅब्रिएलच्या वाळूवर निरनिराळ्या देशांतली कुटुंबं पसरलेली असतात. डेकवर मासे आणि कोंबडी भाजली जाते, कुणीतरी इथली सेगाची गाणी लावतं, मुलं कमरेइतक्या पाण्यात डुंबतात.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही कात्र बोर्नला राहतो. परदेशी राहणाऱ्या माणसांचं एक वेगळंच असतं. घरी पाहुणे नसतात, सणाला माणसं नसतात, म्हणून सुट्टी आली की मुलाला घेऊन कुठेतरी जायचंच असा पण केलेला असतो. आमची लेक चार वर्षांची आहे. गुहागरच्या समुद्रावर ती रांगली, त्यामुळे वाळू दिसली की तिला दुसरं काही सुचत नाही. गॅब्रिएलला जायचं ठरलं तेव्हा तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने तिच्याकडे पाहून विचारलं, वय किती, आणि हाफ तिकीट फाडलं. शेजारच्या बाईच्या कडेवर तान्हं बाळ होतं, त्याला तिकीटच लागलं नाही.

हा हिशेब मला नवा नव्हता. मी इतिहास शिकले आणि काही वर्षं शिकवलाही. मॉरिशसला आल्यापासून इथल्या कंत्राटी मजुरांबद्दल जे हाती लागेल ते वाचते. एकोणिसाव्या शतकात भारतातून मजूर घेऊन येणाऱ्या जहाजांवर किती माणसं भरायची याला कायद्याची मर्यादा होती, आणि ती मर्यादा मोजताना दोन लहान मुलं मिळून एक प्रौढ धरत. तान्हं मूल कशातच धरलं जात नसे. जहाजावरची जागा, पाणी, तांदूळ, सगळं या हिशेबाने ठरे. मजूर नेणाऱ्याला जो मोबदला मिळे तोही याच हिशेबाने. म्हणजे एखाद्या जहाजावर तीनशे माणसं आहेत असं कागद सांगत असला, तरी डोकी त्याहून जास्त असायची.

ही माणसं इथे का येत होती हे थोडक्यात सांगायला हवं. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. फ्रेंच मळेवाले इथेच राहिले आणि ऊसही राहिला. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पगारी, करारबद्ध मजुरांवर मळे चालतात का, हे सरकारला पाहायचं होतं. मळेवाल्यांना ते फारच मानवलं. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं या एकाच बंदरातून आत आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, नंतर तमिळ आणि तेलुगू मुलखातली. मुंबईतून येणारा ओघ लहान होता आणि १८६०च्या दशकानंतर आटला, पण त्यातून रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा इथली माणसं आली. (त्याही आधी मुंबई आणि बंगाल इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी इथे येत होते. १८१५ ते १८३७ या काळात असे सुमारे दीड हजार कैदी आणले गेले, रस्ते आणि पूल बांधायला जुंपले गेले. १८३६ साली चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने ते पाहिले आणि त्यांच्याबद्दल आदराने लिहिलं.)

सुरुवातीला एकटे पुरुष येत. १८५०च्या दशकात सरकारने दंडक घातला की दर शंभर पुरुषांमागे ठरावीक स्त्रिया आणल्याच पाहिजेत. बायका आल्या तशी मुलं आली. याच दशकात साखरेला भाव चढला होता आणि मळेवाल्यांना माणसं कमी पडत होती. आकडा सांगते: १८५९ या एकाच वर्षात चाळीस हजारांहून अधिक मजूर उतरले. एवढ्याशा बेटावर.

आणि याच दशकात कॉलरा आला.

१८१९ साली तो एकदा येऊन गेला होता. १८५४ला परत आला आणि पोर्ट लुईत माणसं रस्त्यात पडू लागली. शहराने खापर फोडलं ते कलकत्त्याहून आलेल्या मजुरांच्या जहाजावर. कॉलरा कसा पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कुणी दूषित हवेला दोष देई, कुणी जमिनीतून निघणाऱ्या वाफेला. त्याच १८५४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो घरोघर फिरून एका पंपाकडे बोट दाखवत होता: रोग पाण्यातून येतो आहे. त्याचं म्हणणं मान्य व्हायला वर्षं गेली. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने शोधला तो १८८३-८४मध्ये, इजिप्त आणि कलकत्त्याच्या कामात. तोवर जगभर सरकारांकडे एकच हत्यार होतं: आजारी जहाज दूर ठेवा.

जानेवारी १८५६मध्ये ‘हायदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजं मॉरिशसच्या पाण्यात आली. कलकत्त्याहून मजूर घेऊन निघालेली. वाटेत जहाजांवर कॉलरा होता. पोर्ट लुईतल्या लोकांना दोन वर्षांपूर्वीची प्रेतं आठवत होती, आणि ही माणसं बंदरात उतरू द्यायची नाहीत असा त्यांचा हट्ट होता. गव्हर्नर हिगिन्सन यांच्या सरकारने सहाशेहून अधिक उतारूंना गॅब्रिएल बेटावर उतरवलं.

इथे मी थोडी थांबते, कारण या गोष्टीचा सगळा भार ‘उतरवलं’ या एका क्रियेवर आहे. गॅब्रिएलवर मी पायी फिरले आहे. एका बाजूला प्रवाळाची वाळू, मधे काळा खडक, खुरटी झुडपं. झरा नाही, ओढा नाही. सावली शोधावी लागते. जानेवारी हा इथला भर उन्हाळा, आणि तोच पावसाचा आणि चक्रीवादळांचा मोसम. सकाळी वाळू पाय भाजते, दुपारी आभाळ फाटतं आणि डोकं लपवायला जागा नसते. कित्येक आठवडे जहाजाच्या तळमजल्यात काढलेली, आधीच खंगलेली माणसं अशा ठिकाणी आणून सोडली. पुरेसा निवारा नव्हता. खाण्यापिण्याची सोय अपुरी होती. औषधोपचार नावापुरते. हातपाय धुवायला, भांडी घासायला, आजाऱ्याचे कपडे धुवायला गोडं पाणी आणायचं कुठून? कॉलऱ्यात माणसाच्या अंगातलं पाणी तासातासाने जातं. त्याला वाचवायला दुसरं काही नसलं तरी स्वच्छ पाणी हवं. जे हवं होतं तेच तिथे नव्हतं, आणि रोग पसरायला जे लागतं ते सगळं होतं.

पावणेतीनशेहून अधिक माणसं तिथे मेली. सहाशेंतली पावणेतीनशे. मोठ्या माणसाच्या अंगातलं पाणी संपायला जितका वेळ लागतो त्याहून मुलाला फार कमी लागतो. हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही, जुलाब झालेलं मूल रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या कुठल्याही आईला ते ठाऊक असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. विलग ठेवण्यात चूक नव्हती. त्या काळाला जे कळत होतं त्यात आजारी जहाज थोपवणं हाच शहाणपणा होता, आणि पोर्ट लुईतल्या आयांनाही त्यांची मुलं होतीच. पण थोपवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या अंतरावर, होडीने एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ, तंबू, तांदूळ, पाण्याची पिंपं आणि डॉक्टर पोहोचवणं त्या श्रीमंत साखर-वसाहतीला अवघड नव्हतं. ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं कोण होती, याचं उत्तर त्या जहाजाच्या हिशेबात आधीच लिहिलेलं होतं.

आणि इतकं करूनही कॉलरा थांबला नाही. त्याच वर्षी तो मुख्य बेटावर पोहोचलाच.

बातमी कलकत्त्याला गेली तेव्हा भारत सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणं थांबवलं. मळेवाल्यांना जे माणसांच्या मरणाने कळलं नसतं ते माणसं मिळेनाशी झाल्यावर कळलं. क्वारंटीनची नीट व्यवस्था करण्याच्या अटीवर काही महिन्यांनी वाहतूक परत सुरू झाली. शेजारच्या इल प्लातवर इस्पितळ आणि निवारे उभे राहिले. १८५५ सालचं दीपगृह तिथे होतंच, ते आजही जहाजांना वाट दाखवतं. पुढची अनेक दशकं कॉलरा, देवी, प्लेग यांचा संशय असलेली जहाजं इल प्लातपाशी थांबत राहिली. त्या इमारतींचे दगड आणि कबरी झाडोऱ्यात अजून आहेत. फ्रेंच लेखक ज.-म. ग. ल क्लेझिओ यांचं घराणं मूळचं मॉरिशसचं. त्यांची ‘ला काराँतेन’ ही १९९५ची कादंबरी इल प्लातवरच घडते.

जमिनीवरही एक ठाणं होतं. ग्रां बेच्या पश्चिमेला पॉइंट-ओ-कॅनोनिये नावाचं टोक आहे. आधी फ्रेंचांच्या तोफा, मग दीपगृह, आणि काही काळ क्वारंटीन. आता तिथे सुट्टीसाठी कुटुंबं येतात असं हॉटेल आहे, आणि त्या जुन्या दीपगृहाच्या वास्तूत लहान मुलांचा क्लब चालतो. भिंतीवर रंगीत कासवं चिकटवलेली, खाली चटया. लेकीला तिथे सोडून मी बाहेर दगड पाहत बसले होते. मला ते खुपलं नाही. पडक्या भिंती नुसत्या पडत राहण्यापेक्षा त्यांत पोरं दंगा करत असतील तर बरंच. फक्त दगड कशाचे आहेत, ते आईबापांना सांगणारं कुणी असावं.

हिंदी महासागरातलं क्वारंटीन नेहमी रोगासाठीच असे असंही नाही. मुंबईत १८९६ला प्लेग सुरू झाला आणि या सगळ्या समुद्रावर मुंबईचं नाव काढलं की बंदरं दारं लावून घेऊ लागली. त्या डिसेंबरात मोहनदास गांधी कस्तुरबांना, दोन मुलांना आणि भाच्याला घेऊन ‘कूरलँड’ जहाजाने दरबानला पोहोचले. जहाजावर कुणालाही प्लेग नव्हता. तरी १८ डिसेंबरपासून १३ जानेवारी १८९७पर्यंत उतारूंना पाण्यावरच ठेवलं गेलं, कारण हिंदी माणसं येऊच नयेत असं दरबानच्या गोऱ्यांना वाटत होतं. पुण्याच्या माणसाला याच वर्षी रँडच्या घरझडत्या आणि सेग्रिगेशन कँप भोगावे लागले. तिथली गोष्ट आपण सगळे जाणतो, कारण ती आपल्या गल्लीत घडली. गॅब्रिएलची गोष्ट घडली तेव्हा ती सांगायला गावी परत जाणारं फारसं कुणी नव्हतं. मॉरिशसलाही १८९९मध्ये प्लेग पोहोचला.

पण या बेटाला खरा तडाखा दिला तो जहाज थांबवून थांबणाऱ्या रोगाने नव्हे. १८६६-६७ला मलेरिया आला. डास कधीतरी जहाजातून उतरला असणार. त्याला इल प्लातवर कोण थांबवणार? १८६७ या एका वर्षात हजारो माणसं तापाने गेली, पोर्ट लुईत पुरायला माणसं मिळेनात. ज्यांना परवडत होतं ती फ्रेंच आणि इंग्रज कुटुंबं शहर आणि किनारा सोडून वर, थंड हवेच्या क्युरपीपला राहायला गेली. किनारा मजुरांना आणि कोळ्यांना उरला. तापाचं कारण डास आहे हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ला सिद्ध केलं, आणि दहाएक वर्षांनी त्याच रॉसला मॉरिशसने डासांचा बंदोबस्त सांगायला बोलावलं. तो इथे आला, डबकी आणि दलदली मोजल्या, अहवाल दिला.

हा भाग मी मुद्दाम सांगते आहे. आज मॉरिशसचा किनारा म्हटलं की लहान मुलांना न्यायची जागा असंच डोळ्यांपुढे येतं, जणू तो जन्मापासून तसाच होता. तसं नाही. पिढ्यान् पिढ्या इथल्या आया मुलांना किनाऱ्यावर रात्री ठेवायला घाबरत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी घरोघर झाली, पाणथळ जागा बुजवल्या, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं. हॉटेलं बांधली जाऊ लागली ती याच सुमारास. कुठल्याही पर्यटन खात्याआधी हे किनारे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसांनी मोकळे केले. ते बहुतेक त्या मजुरांचीच नातवंडं-पतवंडं होती.

ते काम अजून चालू आहे. आम्ही मे महिन्यात गावी जाऊन आलो. विमानतळावर आरोग्य खात्याचा फॉर्म भरला, त्यात कुठून आलात, इथे राहता कुठे, सगळं. भारत मलेरियाच्या देशांत मोडतो, म्हणून काही दिवसांनी खात्याचा माणूस दारात आला. खांद्याला पिशवी, हातात वही. आधी आम्हा दोघांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. लेक आत पळाली. त्याने भोजपुरी-हिंदीत तिला हाक मारली, ‘आव बेटी, चींटी काटी बस’, आणि ती चक्क बाहेर आली. ताप आला तर लगेच कळवा, पुन्हा येऊन जाईन, असं सांगून तो पुढच्या घरी गेला. कोंडून न ठेवता, दारी येऊन केलेली ही पाळत मला फार मोलाची वाटते. १८५६मध्ये गॅब्रिएलवर वही घेऊन रोज फेरी मारणारी अशी दहा माणसं असती तर.

कोविडच्या वेळी तर चक्र उलटं फिरलं. मार्च २०२०मध्ये देशाने हद्दी बंद केल्या. नंतर बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत राहावं लागे. जुलै २०२१पासून लस घेतलेल्या पर्यटकांसाठी काही समुद्रकाठची हॉटेलंच बंदिस्त केली, तिथे चौदा दिवस राहा, पोहा, मग बाहेर जा. त्या ऑक्टोबरात देश पूर्ण उघडला. बेटाच्या अंगी दोनच गुण असतात, ते दूर असतं आणि त्याला कडेने पाणी असतं. दीडशे वर्षांत या गुणांचा उपयोग आधी माणसं दूर लोटायला झाला, मग पैसे घेऊन जवळ बोलवायला, आणि कोविडमध्ये दोन्ही एकदम.

गॅब्रिएलवर त्या दिवशी लेकीने वाळूत किल्ला केला. दिवाळीत करतात तसा, बुरूज आणि पायऱ्यांसकट. मावळे नव्हते म्हणून शंखांचे केले. झुडपांखाली पांढरा, लांब शेपटीचा पायांके पक्षी अंडं उबवत बसला होता. हा पक्षी माणसाला फारसा भीत नाही, जमिनीवरच बसतो. खलाशाने आम्हाला हळू बोलायला सांगितलं आणि लांबूनच तो दाखवला. या बेटांवरच्या जीवांची आता फार काळजी घेतली जाते. इल प्लातवर नारिंगी शेपटीची एक सरड्याची जात होती, गेल्या काळात जगात फक्त तिथेच उरलेली. २०१०च्या सुमारास आपल्याकडची चिचुंद्री तिथे शिरली आणि ती जात त्या बेटावरून नाहीशी झाली. बरं की अभ्यासकांनी आधीच काही सरडे उचलून दुसऱ्या बेटांवर आणि जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात हलवले होते. एका जहाजातून उतरलेला एक प्राणी काय करू शकतो हे इथे सगळ्यांना समजतं. म्हणून होडीत चढण्याआधी पिशव्या झटका, बिया-माती नेऊ नका, असं सांगतात.

पक्ष्याबद्दल सांगणारा खलाशी होता. प्रवाळावर पाय देऊ नका असंही त्याने सांगितलं. १८५६बद्दल मी विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. त्याला माहीत होतं. त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं की इथे ‘मालबार’ लोकांना ठेवत. (क्रिओलमध्ये हिंदू माणसाला असं म्हणत, आता कुणी म्हटलेलं चालत नाही.) पण कुणी विचारत नाही, तो म्हणाला, लोक सुट्टीला येतात.

जिथे बोटी लागतात त्या वाळूवर मी पाटी शोधली. मला दिसली नाही.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर असं नाही. १८४९पासून मजूर तिथे उतरत, दगडी पायऱ्या चढून डेपोत येत, दोन दिवस राहत आणि मळ्यावर पाठवले जात. २००६ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. दर २ नोव्हेंबरला तिथे सरकारी कार्यक्रम असतो, सुट्टी असते. मजुरांच्या नोंदवह्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. १८६०च्या दशकापासून फोटोही. प्रत्येकाला एक नंबर दिलेला, तो नंबर घरी कुठे कागदावर सापडला की पुढचं सोपं होतं.

कास्कावेल, हेन्रिएता, वाकोआ इथल्या मराठी कुटुंबांशी आमचं जाणंयेणं आहे. घरात क्रिओल बोलतात, मुलं शाळेत मराठी विषय घेतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि नदीवर विसर्जनाला तोबा गर्दी लोटते. त्यांची जाखडी पाहिली तेव्हा मला रत्नागिरीच्या बाजूचा श्रावण आठवला, पायाचा ठेका तोच. एका घरातल्या आजींनी मला मोकाहून आणलेला दाखला वाचायला दिला. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं गावाचं नाव मी दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं, आणि तिसऱ्यांदा ते संगमेश्वराजवळचं एक गाव निघालं. आजींचा नातू लगेच फोनवर नकाशा काढून बसला.

पण हा नंबर पोर्ट लुईच्या डेपोत नोंदणी होताना मिळे. गॅब्रिएलवर जी माणसं गेली ती डेपोपर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यांचे नंबर नाहीत, म्हणून मोकाला येऊन त्यांची चौकशी करणारे पणतू-खापरपणतूही नाहीत. त्यांच्या बाजूने कुणीतरी परक्यानेच बोलायला हवं, आणि या देशात मी परकीच आहे, तेव्हा मी बोलते. गॅब्रिएलच्या वाळूवर, जिथे कॅटामरानच्या होड्या लागतात तिथेच, सुरूच्या सावलीत, एक दगड हवा. क्रिओल, भोजपुरी आणि इंग्रजीत. वर दोन्ही जहाजांची नावं, हायदरी आणि फत्ते मुबारक. खाली जानेवारी १८५६, कलकत्ता. मग किती उतरले आणि किती मेले. त्यात पुरुष किती, बायका किती, मुलं किती ते वेगवेगळं, आणि मुलं एकेक मोजलेली, तान्ह्यांसकट.